लीलावतीचा बाप

आपल्यापैकी बहुतेकांची भास्कराचार्यांशी ओळख झाली ती एका गोष्टीतून. पाण्याने भरलेलं घंगाळ, त्यात तरंगणारं तांब्याचं घटिकापात्र, लग्नाचा साज लेवून त्यात कुतूहलाने वाकून बघणारी लीलावती. तिच्या अंगावरचा एक मोती निसटून पात्रात पडतो, पात्राचं छिद्र बुजतं, पाणी आत यायचं थांबतं आणि मुहूर्त टळून जातो. मुलीचं लग्न होत नाही. मग तिचा बाप तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहितो आणि तो ग्रंथ अजरामर होतो.

ही गोष्ट ऐकली नाही असा विद्यार्थी आपल्या पिढीत क्वचितच असेल. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असायचा. गणितासारख्या रुक्ष समजल्या जाणाऱ्या विषयात थोडा जीव यावा, एवढंच त्यांना हवं असायचं. पण मुलींच्या बाकांपर्यंत त्या गोष्टीचा अर्थ जरा वेगळा पोचायचा. लग्न झालं नाही, म्हणून गणित!

स्मरणिकेसाठी एखाद्या मोठ्या माणसाचं चरित्र लिहायचं ठरलं, तेव्हा मी भास्कराचार्य निवडले ते दोन कारणांनी. एक म्हणजे, बाप, शास्त्रज्ञ आणि हौसेने कविता करणारा माणूस अशा तिन्ही नात्यांनी हा माणूस आपल्याला भेटतो, पण आपण त्याला फक्त मोत्याच्या गोष्टीपुरता ओळखतो. दुसरं म्हणजे, या घराण्याचा दगडावर कोरलेला पुरावा नाशिकपासून फार लांब नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला तो सापडला आणि तो एका शाळेबद्दल आहे. शाळेच्या स्मरणिकेत त्याची नोंद व्हायलाच हवी.

भास्कराचार्यांनी स्वतःबद्दल फार थोडं लिहिलं आहे, पण जे लिहिलं ते नेमकं आहे. आपला जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला, आणि वयाच्या ३६व्या वर्षी आपण सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ रचला, असं ते सांगतात. म्हणजे ग्रंथाचं साल इ.स. ११५०. गोत्र शांडिल्य, आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेलं विज्जडविड. हे गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचे वाद आहेत. कोणी विजापूर म्हणतं, कोणी बीड. महाराष्ट्रातल्या अनेकांनी पाटणच्या परिसराकडे बोट दाखवलं आहे, कारण त्यांच्या घराण्याचे लेख त्याच भागात मिळाले.

त्यांचे वडील महेश्वर. ते स्वतः ज्योतिषी आणि विद्वान, आणि भास्कराचार्यांचे गुरूही तेच. आपल्याला जे ज्ञान मिळालं ते वडिलांकडून, हे भास्कराचार्यांनी ग्रंथात नोंदवून ठेवलं आहे. पाटणच्या लेखात या घराण्याच्या मागच्या पिढ्याही येतात: कवींचा चक्रवर्ती म्हणवला गेलेला त्रिविक्रम, भोज राजाकडून विद्यापती ही पदवी मिळालेला भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि मनोरथाचा मुलगा महेश्वर. म्हणजे या घरात गणित आणि कविता दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या. मुलगा बापाच्या मांडीवर बसून शिकला आणि पुढे जगाचा गुरू झाला, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

सिद्धांतशिरोमणीचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिला भाग अंकगणित आणि भूमितीचा, दुसरा अव्यक्त संख्यांचा, उरलेले दोन ग्रहांच्या गतीचे आणि गोलाचे. सगळं श्लोकांत. कागद दुर्मीळ, छपाई नाही, म्हणून जे टिकवायचं ते पाठ करता आलं पाहिजे, अशी त्या काळाची गरज होती. पण श्लोकात सूत्र इतकं आवळून बसवावं लागतं की शिकणाऱ्याला त्याची उकल होत नाही. म्हणून भास्कराचार्यांनी ग्रहगणित आणि गोलाध्याय या भागांवर स्वतःच गद्यात स्पष्टीकरण लिहिलं, त्याचं नाव वासनाभाष्य. माझ्या व्यवसायात प्रोग्राम लिहिणारे पुष्कळ असतात. तो असाच का लिहिला हे नीट लिहून ठेवणारे थोडे. त्यामुळे या माणसाबद्दल मला पहिला आदर वाटला तो वासनाभाष्यामुळे.

लीलावती उघडली की आधी लक्षात येतं ते हे की पुस्तक एखाद्या बाजारपेठेसारखं गजबजलेलं आहे. त्यात व्याज आहे, धान्याच्या राशी आहेत, विटांचे थर आहेत, करवतीने लाकूड कापण्याची मजुरी आहे, सावलीवरून उंची काढणं आहे. आणि त्यातली उदाहरणं! भुंग्यांच्या थव्यापैकी पाचवा हिस्सा कदंबावर जातो, तिसरा हिस्सा दुसऱ्या फुलांवर, त्या दोन हिश्श्यांच्या फरकाच्या तिप्पट कुड्याच्या फुलांवर, आणि एकटा भुंगा दोन सुगंधांच्या मध्ये घुटमळत राहतो. एकूण भुंगे किती? १५. अर्जुन कर्णाशी लढताना भात्यातल्या निम्म्या बाणांनी कर्णाचे बाण अडवतो, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे, ६ बाणांनी शल्य, ३ बाणांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य, आणि शेवटच्या एका बाणाने मस्तक. बाण होते १००. वर्गसमीकरण शिकवण्यासाठी महाभारत वापरणारा शिक्षक कुठल्या वर्गाला आवडणार नाही?

३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडून त्याचं टोक बुंध्यापासून १६ हातांवर टेकतं. तो मोडला कुठे? १२ हातांवर. ९ हात उंच खांबावर मोर बसलेला आहे, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ आहे, आणि साप २७ हातांवरून बिळाकडे येतो आहे. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर मोर सापाला बिळापासून किती लांब गाठेल? हेही १२ हात. कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात दिसते, वाऱ्याने कलून दोन हातांवर बुडते, तर पाणी किती खोल? पावणेचार हात. पायथागोरसचं प्रमेय आपण ज्या त्रिकोणांवर घोटलं, त्यांच्यापेक्षा हे मोर, साप आणि कमळ जास्त लक्षात राहतात. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती वेगवेगळ्या प्रकारे धरता येतील, हेही लीलावतीत विचारलं आहे. उत्तर ३६,२८,८००. अकरावीत क्रमचय-संचयाने आपल्यापैकी अनेकांचा घाम काढला होता, तो हाच धडा.

दुसरा भाग बीजगणित. त्यातलं एक उदाहरण मला कायम थक्क करतं. अशी एक वर्गसंख्या शोधा की तिला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा वर्गसंख्याच मिळेल. वाचताना सोपं वाटतं. पण पूर्णांकांत सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८० या संख्येचा वर्ग, आणि त्यातून मिळणारी दुसरी वर्गसंख्या १,७६,६३,१९,०४९ हिचा वर्ग. अंदाजाने एकेक आकडा तपासत गेलं तर इथे पोचणं अशक्य. भास्कराचार्य चक्रवाल नावाच्या रीतीने तिथे काही पायऱ्यांत पोचतात. या रीतीचा पाया ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात घातला होता, जयदेव नावाच्या गणितज्ञाने ती पुढे नेली होती, आणि भास्कराचार्यांनी तिला नीटस रूप दिलं. चक्रासारखी ती पुन्हापुन्हा तीच क्रिया करते आणि दर फेरीला आकडे आटोक्यात ठेवत उत्तराकडे सरकते. १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून जे प्रश्न घातले, त्यात हाच ६१ चा प्रश्न होता. भास्कराचार्यांनी तो सोडवून तेव्हा पाच शतकं उलटली होती.

शून्याने भागणं हाही त्यांचा लाडका विषय. ज्या संख्येचा छेद शून्य आहे तिला ते खहर म्हणतात, आणि तिच्यात काहीही मिळवलं किंवा वजा केलं तरी तिच्यात फरक पडत नाही असं सांगतात. सृष्टीच्या उत्पत्तीने आणि लयाने अनंत परमेश्वरात काही कमीजास्त होत नाही, तसं हे. आजच्या गणिताला शून्याने भागणं मान्य नाही, आणि संगणक तर सरळ चूक दाखवून थांबतो. पण अनंत ही कल्पना हाताळता येते, तिच्याशी आकडेमोड करून बघता येते, हे धाडस त्यांनी केलं.

गोलाध्यायात हा माणूस सर्वांत मोकळा होतो. गोल न समजता आकडेमोड करणारा ज्योतिषी म्हणजे तुपाशिवाय पक्वान्न, राजाशिवाय राज्य, चांगल्या वक्त्याशिवाय सभा, अशा उपमा ते देतात. पृथ्वीला कोणी धरून ठेवलेलं नाही, हे ते ठासून सांगतात. शेषाने धरलं म्हणावं तर शेषाला कोणी धरलं? पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे, आकाशातल्या जड वस्तूंना ती आपल्याकडे ओढते, म्हणून त्या पडताना दिसतात. पण चहूकडे आकाश सारखंच असेल तर पृथ्वी स्वतः पडणार तरी कुठे? पृथ्वी सपाट का दिसते, तर परिघाचा अगदी छोटा तुकडा आपल्याला सरळच दिसणार. पलीकडच्या बाजूची माणसं खाली डोकं वर पाय करून असतील का, तर तीही तिथे आपल्यासारखीच सुखाने उभी आहेत.

गोलाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ त्यांच्या आधीच्या लल्ल या ज्योतिषाने चुकीचं दिलं होतं. ही चूक भास्कराचार्यांनी दाखवली, आणि नुसतं बरोबर सूत्र देऊन थांबले नाहीत. आवळ्याला फाकी असतात तशा गोलाच्या उभ्या फाका कल्पून, एकेका फाकेचं क्षेत्रफळ काढून, त्यांनी ते पटवून दिलं. सूत्र सांगितलं की काम संपलं, असं त्यांना वाटत नसे. उपपत्ती, म्हणजे हे असंच का, हे सांगता आलं नाही तर विद्वानांच्या सभेत गणिती प्रौढ ठरत नाही, असं त्यांचं मत होतं.

ग्रहाची गती मोजताना आणखी एक सूक्ष्म गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आज आणि उद्याच्या स्थितीतला फरक ही दिवसाची सरासरी गती. पण चंद्रासारखा ग्रह क्षणोक्षणी वेग बदलतो, तेव्हा तिथी नेमकी कधी संपते हे काढायचं तर त्या क्षणाचीच गती हवी. गाडीने नाशिक ते मुंबई किती तासांत गाठली आणि आत्ता स्पीडोमीटरवर काटा कुठे आहे, यात जो फरक, तोच हा. या गतीला त्यांनी तात्कालिक गती म्हटलं आणि ती काढण्याची रीत दिली. पुढे युरोपात जे कलनशास्त्र उभं राहिलं, त्याचं बीज या विचारात दिसतं असं अनेक अभ्यासक म्हणतात. सगळं कलनशास्त्र आपल्याकडेच होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. जेवढं होतं तेवढंच पुरेसं मोठं आहे.

आणि या सगळ्याच्या मध्येच, गोलाध्यायात, अचानक ऋतुवर्णन येतं. वसंतापासून शिशिरापर्यंत सहा ऋतूंवर रसिकांसाठी रचलेली कविता. ग्रहगोलांच्या हिशेबाला तिची काही गरज नव्हती. पण कवींच्या घरात वाढलेल्या या माणसाला राहवलं नसावं. दिवसभर समीकरणं मांडणारा माणूस रात्री वहीच्या मागच्या पानावर कविता लिहितो, तसं ते आहे. फक्त भास्कराचार्यांनी ती मागच्या पानावर न ठेवता ग्रंथाच्या मधोमध ठेवली.

उतारवयातही त्यांचं काम थांबलं नाही. इ.स. ११८३ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या उंबऱ्यावर, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. पंचांग करणाऱ्यांना मोठ्या सिद्धांतग्रंथातली आकडेमोड जड जाते, म्हणून सोप्या रीतींचा हा ग्रंथ. पुढे कैक शतकं पंचांगकर्ते त्याच्या आधारे गणित करत राहिले.

आता त्या मोत्याच्या गोष्टीकडे येते. माझ्या मुलीने सातवीत ही गोष्ट ऐकली आणि घरी येऊन विचारलं, की लग्न वेळेवर झालं असतं तर तिच्या बाबांनी तिला गणित शिकवलं नसतं का? प्रश्न चोख होता. त्याचं उत्तर शोधताना कळलं की ही गोष्ट भास्कराचार्यांच्या कुठल्याही ग्रंथात नाही. ती पहिल्यांदा लिखित स्वरूपात येते ती अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत. म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. फैजीच्या कानावर ती कुठून आली असेल ती असो, पण तिला पुरावा म्हणता येत नाही.

ग्रंथात काय आहे? काही उदाहरणांत लीलावती नावाच्या बुद्धिमान मुलीला हाक मारली आहे. काही ठिकाणी हाक मित्राला आहे, काही ठिकाणी प्रियेला. शेवटच्या श्लोकात लीलावती या नावावर श्लेष आहे, सुंदर स्त्री आणि सुंदर ग्रंथ असा. त्यामुळे ती मुलगी होती, पत्नी होती, शिष्या होती की ग्रंथाचंच लाडाचं नाव होतं, हे कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही. पण एवढं मात्र ग्रंथात स्पष्ट दिसतं: बाराव्या शतकातला एक गणिती वर्गमुळाचं आणि व्यस्त क्रियेचं उदाहरण घालताना एका मुलीकडे बघतो, तिला बुद्धिमती म्हणतो आणि उत्तर सांग म्हणतो. तिथे ना टळलेला मुहूर्त आहे, ना सांत्वन. तिला उत्तर येईल, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. मुलीला मी हेच सांगितलं.

गंमत म्हणजे त्या गोष्टीतलं घटिकापात्रही भास्कराचार्यांच्या ग्रंथात आहे. गोलाध्यायात यंत्रांचं एक प्रकरण आहे. अर्ध्या घड्याच्या आकाराचं, तळाला छिद्र असलेलं तांब्याचं पात्र, असं ते त्याचं वर्णन करतात. ते किती वजनाचं असावं, छिद्र किती मोठं असावं, याचे जुने ठोकताळे होते. भास्कराचार्यांचा भर त्यांच्यावर नाही. पात्र एका दिवसरात्रीत किती वेळा बुडतं ते मोजा, आणि दिवसरात्रीच्या काळाला त्या संख्येने भागा. जे उत्तर येईल ते तुमच्या पात्राचं माप. प्रत्येक पात्र वेगळं असणार, म्हणून वापरण्याआधी ते स्वतः तपासून घ्यायचं. कुठल्याही इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आणि इतकी यंत्रं सांगून झाल्यावर ते म्हणतात की सगळ्यांत श्रेष्ठ यंत्र बुद्धीचं. घटिकापात्राची परीक्षा कशी घ्यावी हे लिहून ठेवणारा माणूस एका मोत्याने हरला, ही कल्पना मला तरी पटत नाही.

मग बाप म्हणून भास्कराचार्य कसे होते? याचं उत्तर पाटणला मिळतं.

चाळीसगावहून दक्षिणेला अठराएक किलोमीटरवर, गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटणादेवी आहे. इथल्या देवळातला शिलालेख १८६५ मध्ये मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. व्यवसायाने डॉक्टर, पण जुने लेख वाचण्याचा ध्यास असलेला हा माणूस. पुढे कीलहॉर्न या जर्मन संस्कृतज्ञाने लेखाचं पुन्हा संपादन केलं. मी काही वर्षांपूर्वी तिथे गेले ते पावसाळ्याच्या शेवटी. डोंगरावरून धबधबे उतरत होते आणि देवीला आलेल्या गर्दीत भास्कराचार्यांचं नाव काढणारं फारसं कोणी नव्हतं. तरी हीच ती जागा.

लेख सांगतो की भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर वेदार्थ जाणणारा आणि तर्कशास्त्रात पारंगत होता. त्याची योग्यता ओळखून यादव राजा जैत्रपाल याने त्याला या गावातून नेलं आणि पंडितांचा प्रमुख केलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव पुढे सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. महेश्वराने भास्कराला शिकवलं, भास्कराचा मुलगा विद्वान झाला, त्याचा मुलगा ज्योतिषी. भावाच्या शाखेतही विद्या टिकली. भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती याचा नातू अनंतदेव हाही सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, आणि चाळीसगावजवळच्याच बहाळ गावी १२२२ मधला त्याचा लेख आहे. विद्येचा असा वारसा आपोआप चालत नाही. कोणीतरी रोज मुलांना घेऊन बसावं लागतं.

पण खरी मोठी गोष्ट चांगदेवाने केली. आजोबांचे ग्रंथ आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापन केला. मठ म्हणजे इथे शाळाच. स्थानिक निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ मध्ये श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, सगळ्या लोकांसमोर हातावर पाणी सोडून आपल्या गुरूच्या या मठाला दान दिलं. ग्रहणाचं गणित ज्या घराने शिकवलं, त्या घराच्या शाळेला ग्रहणाच्याच वेळी दान! त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही ही व्यवस्था पुढे चालवली.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण व्यवहाराचा भाग आला तेव्हा भाषा बदलते आणि आठशे वर्षांपूर्वीची मराठी सुरू होते. ते बरोबरच आहे. राजाची स्तुती संस्कृतात चालते, पण कोणी काय द्यायचं हे गावाला कळलं पाहिजे. गावच्या बाजारात माल विकला जाईल त्यावरचं सरकारचं जे उत्पन्न, त्यातला वाटा मठाला. आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल मठाला.

ही पळी मला फार मोलाची वाटते. चक्रवाल, खहर आणि तात्कालिक गती शिकवणारी शाळा गावातल्या तेल्याच्या घाण्यावर चालत होती. त्याला ६१ चं कोडं कळत असेल-नसेल, पण मठातला दिवा त्याच्या तेलावर जळत असणार. भास्कराचार्य एकट्याच्या प्रतिभेने झाले असतील, पण त्यांचं काम टिकलं ते वडिलांनी शिकवल्यामुळे, नातवाने शाळा काढल्यामुळे आणि गावाने तेल घातल्यामुळे.

मठ आज नाही. ग्रंथ मात्र देशभर पसरले. १५४५ मध्ये आपल्या कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. १५८७ मध्ये फैजीचं फारसी भाषांतर झालं, १६३४ मध्ये बीजगणितही फारसीत गेलं. १८१७ मध्ये कोलब्रुकने दोन्ही इंग्रजीत आणले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठीत इतिहास लिहिला, त्यात भास्कराचार्यांना मानाचं स्थान आहे. १९७९ आणि १९८१ मध्ये अवकाशात गेलेल्या भारताच्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव मिळालं. आपल्यातले बरेच जण तेव्हा जेमतेम जन्मले होते.

आपल्या सर-बाईंना या लेखातून एवढंच सांगायचं आहे की तुम्ही सांगितलेल्या मोत्याच्या गोष्टीनेच मला भास्कराचार्यांपर्यंत पोचवलं. ती गोष्ट सांगत राहा, पण तिच्या शेजारी पाटणच्या शाळेचीही सांगा. आणि मित्रमैत्रिणींनो, एक सूचना. पुढच्या मेळाव्याला हॉल आणि केटरर ठरवण्याआधी विचार करा: नाशिकरोडहून सकाळची गाडी धरली तर मनमाड, नांदगाव करत चाळीसगाव दुपारच्या आत येतं, आणि तिथून पाटणादेवी तासाभराच्या आत. मुलांनाही घेऊ. जाताना गाडीत त्यांना भुंग्यांचं कोडं घालू. १५ हे उत्तर मात्र आधी कोणी फोडायचं नाही.